पोर्ट पंचवीस

एका सर्व्हरने दुसऱ्या सर्व्हरच्या हाती मेल सोपवायचा तो पोर्ट २५ वर, हा नियम ऑगस्ट १९८२चा आहे. जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या आरएफसी ८२१ या दस्तऐवजात तो सापडतो. त्या दस्तऐवजातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की त्यात कोणाकडूनही परवाना मागितलेला नाही. यंत्र विद्यापीठाचं असो, बँकेचं असो की कोणाच्या घरातलं, ठरलेल्या क्रमाने ठरलेल्या आज्ञा देता-घेता आल्या की ते टपाल देऊ-घेऊ शकतं. नाशिकमधल्या माझ्या घरात असं एक यंत्र बरीच वर्षं चालू आहे आणि आमच्या कुटुंबातल्या सगळ्यांचं टपाल त्यावर येतं. ज्या कंपनीकडून मी इंटरनेट घेते तिने पोर्ट २५ बंद ठेवलेलं आहे. तरीही ते यंत्र कसं चालतं आणि त्यासाठी एवढा खटाटोप करावा असं मला का वाटतं, ते सांगते.

माझी सगळी नोकरी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या संगणक विभागात झाली. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. आमच्याकडे ते पोचायला आणखी काही वर्षं गेली आणि पोचलं ते मोडेमवरून. ठरावीक वेळाने फोन लावायचा, बाहेर जाणारे मेल ढकलायचे, आलेले ओढून घ्यायचे आणि लाइन तोडायची. मेल सर्व्हर म्हणून आधी सेंडमेल होता. मग वित्स व्हेनेमा यांचा पोस्टफिक्स आला, जो आयबीएमने १९९८च्या अखेरीस सगळ्यांसाठी खुला केला. एकाच अवाढव्य प्रोग्रॅमऐवजी छोटे छोटे प्रोग्रॅम, प्रत्येकाकडे एकच काम आणि तेवढ्यापुरतेच अधिकार, ही त्याची मांडणी वाचली तेव्हा चांगल्या कारागिराचं काम पाहावं तसा आनंद झाला होता. घरी आजही तोच वापरते. मेल पेटीत ठेवायला आणि फोनवर दाखवायला डव्हकॉट, नको ते गाळायला आरस्पॅमडी, खाली डेबियन. यंत्र म्हणाल तर कार्यालयातून भंगारात निघालेला छोटा डेस्कटॉप आहे, त्यात नव्या दोन डिस्क घातल्या, बस्स. घरच्या मेलला याहून मोठं यंत्र लागत नाही.

घरी सर्व्हर ठेवायचं नक्की झालं ते भावाच्या खात्यामुळे. तो वकील आहे. अशिलांची कागदपत्रं, तारखा, दुसऱ्या बाजूच्या वकिलांशी झालेला पत्रव्यवहार, सगळं एका मोठ्या मोफत मेलसेवेवर होतं. एके दिवशी ते खातं संशयास्पद हालचाल दिसली म्हणून बंद झालं. ती हालचाल कोणती हे कोणी सांगितलं नाही. फॉर्म भरला की आपोआप उत्तर यायचं, त्या उत्तराला उत्तर देता यायचं नाही. फोन नंबर नव्हता, कार्यालय नव्हतं, जिच्यापुढे जाऊन ‘अहो, हे माझं टपाल आहे’ असं म्हणता येईल अशी व्यक्ती नव्हती. खातं पुढे परत मिळालं. पण त्या मधल्या दिवसांत भाऊ ज्या अवस्थेत होता ती मी पाहिली आहे. कोर्टात तारीख आहे, वकिलाकडे कागद नाही आणि कागद कोणाच्या ताब्यात आहे हे वकिलालाच ठाऊक नाही! तेव्हाच मी म्हटलं की आपल्या घरच्यांचं टपाल आपल्या घरात राहील.

डोमेन घेतलं, यंत्र उभं केलं आणि पहिली तपासणी केली: घरातल्या यंत्रावरून बाहेरच्या एका मोठ्या मेल सर्व्हरच्या पोर्ट २५ला टेलनेट. कर्सर लुकलुकत राहिला आणि बऱ्याच वेळाने ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. नेटवर्कचं काम केलेल्या माणसाला यातला फरक लगेच कळतो. समोरच्याने नकार दिला असता तर ‘रिफ्यूज्ड’ असं क्षणात आलं असतं. इथे आपली पॅकेट वाटेतच कोणीतरी मुकाट्याने टाकून देत होतं. पोर्ट ४४३ चालत होतं, ५८७ चालत होतं, अडत होतं ते फक्त २५. म्हणजे बाहेर जायची वाट बंद.

आत यायची वाट त्याहून मुळापासून बंद होती. राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी पाहिला तर तो १००.७० असा सुरू होत होता. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ साली आरएफसी ६५९८ने एका खास कामासाठी राखून ठेवला आहे: सेवा देणाऱ्या कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपीमागे ठेवायचं, ज्याला कॅरियर ग्रेड नॅट म्हणतात. कारण साधं आहे. आयपीव्ही४चे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी, आणि आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचा साठा एप्रिल २०११ मध्ये शेवटच्या ठोकळ्यापर्यंत आला. त्यानंतर आपल्याकडे घराघरांत फायबर पोचलं. पत्ते आणायचे कुठून? त्यामुळे माझ्या घराला जगातून दिसेल असा स्वतःचा आयपीव्ही४ पत्ताच नव्हता. मी जगाशी बोलू शकत होते. जगाला माझ्याशी पहिल्यांदा बोलायचं असेल तर सोय नव्हती.

सिनेमा पाहणाऱ्याला, फोनवर बोलणाऱ्याला हे कधी जाणवत नाही. आपण मागायचं आणि तिकडून यायचं एवढंच करायचं असेल तर ही व्यवस्था पुरते. पण इंटरनेट बांधलं गेलं ते दोन्ही टोकं सारखी धरून, आणि मेल हा त्याचा सगळ्यात जुना, सगळ्यात प्रामाणिक पुरावा आहे. ती बरोबरी आपल्याकडून गेली आहे हे कोणी आपल्याला सांगितलेलंही नाही.

ग्राहक सेवेला फोन केला. पलीकडची मुलगी अतिशय सौजन्याने बोलत होती. “मॅडम, तुमचं नेट चालू आहे ना? स्पीड येतोय ना?” मी म्हटलं स्पीड उत्तम आहे, मला पोर्ट २५ हवं आहे. तिने तक्रार नोंदवली आणि दुसऱ्या दिवशी एक तरुण तंत्रज्ञ राउटर बदलायला घरी आला. “ताई, राउटरमध्ये तर काहीच फॉल्ट नाही,” तो म्हणाला. मी त्याला टेलनेटची तपासणी करून दाखवली. त्याने ती दोनदा बघितली, मग स्वतःच्या फोनवरून करून बघितली, आणि जाताना म्हणाला, “मी वर विचारतो.” असं म्हणून पुन्हा न येणारी माणसं खूप पाहिली आहेत. या मुलाने खरंच विचारलं. त्याच्यामुळे कंपनीच्या नेटवर्क केंद्रातल्या एका अभियंत्याशी माझं बोलणं झालं.

तो अभियंता स्पष्ट होता. “मॅडम, बंदी वरूनच आहे. एका ग्राहकाकडचा पीसी व्हायरसने धरला आणि तो रात्रभर मेल मारत सुटला, तर आमचा सगळा ब्लॉक काळ्या यादीत जातो. मग त्या ब्लॉकमधल्या सगळ्यांची बोंब.”

हे मला पटलं, कारण मी ते भोगलं आहे. कारखान्यात एकदा लेखा विभागातल्या एका पीसीत असंच काहीतरी शिरलं. संध्याकाळी सगळे घरी गेले, पीसी चालूच होता. सकाळी आमच्या सार्वजनिक आयपीचं नाव काळ्या याद्यांत होतं आणि खरेदी विभागाच्या ऑर्डरी ग्राहकांकडून परत यायला लागल्या होत्या. तो दिवस याद्यांवरून नाव काढून घेण्याच्या विनंत्या करण्यात गेला. त्याच संध्याकाळी मी फायरवॉलमध्ये नियम घातला, की पोर्ट २५ वरून बाहेर जाईल तो फक्त मेल सर्व्हर, दुसरं कोणतंही यंत्र नाही. त्यानंतर पुन्हा तो प्रसंग आला नाही. तेव्हा पोर्ट २५ बंद ठेवणं हा मूर्खपणा किंवा जुलूम आहे असं म्हणणाऱ्यांत मी नाही. जगातल्या कचरा-मेलचा मोठा वाटा बळी पडलेल्या घरगुती यंत्रांमधून येत होता, आणि कंपन्यांनी ही वाट बंद केल्याने त्याला खरोखर आळा बसला. सामान्य माणसाचं यातून काही जातही नाही. फोनवरचं किंवा आउटलुकमधलं मेलचं ॲप ५८७ किंवा ४६५ या पोर्टवरून, पासवर्ड देऊन, आपल्या सर्व्हरला मेल देतं. २५ लागतं ते सर्व्हरने सर्व्हरशी बोलायला.

माझा वाद पुढच्या पायरीशी आहे. कारखान्यात मी सगळ्यांना बंदी केली तेव्हा एका यंत्राला सूट ठेवली होती, कारण त्या यंत्राचं काम तेच होतं आणि त्याची जबाबदारी माझ्यावर होती. घरच्या ग्राहकाला ही सूट मागायची सोयच ठेवलेली नाही. मी त्या अभियंत्याला हे म्हटलं. तो थोडं थांबला आणि म्हणाला, “मागणारं कोणी नसतं, मॅडम. म्हणून फॉर्मच नाही.” त्याने मला स्टॅटिक आयपी घ्यायला सुचवलं, महिन्याला जास्तीचं भाडं देऊन. मी घेतला. नॅटमधून बाहेर आले, पोर्ट २५ त्या आयपीवर उघडलंही. वाटलं, सुटलं.

पण मेल पाठवायला उघडं पोर्ट पुरत नाही, विश्वास लागतो. तो आता कागदोपत्री सिद्ध करावा लागतो. माझ्या डोमेनच्या वतीने कोणत्या आयपीवरून मेल येऊ शकतो हे सांगणारी एसपीएफची नोंद, प्रत्येक मेलवर आपली सही करणारी डीकेआयएमची किल्ली, आणि या दोन्हींत काही जुळलं नाही तर काय करायचं हे सांगणारी डीमार्कची नोंद, या तिन्ही गोष्टी माझ्या हातातल्या होत्या, कारण डोमेन माझं. चौथी माझ्या हातात नव्हती. आयपी दिला की त्यावरून नाव सापडलं पाहिजे, यासाठी उलट दिशेची एक नोंद लागते, पीटीआर. ती डोमेनच्या मालकाला करता येत नाही, आयपीच्या मालकाला करावी लागते. म्हणजे कंपनीला. माझ्या स्टॅटिक आयपीचं उलटं नाव कंपनीने यंत्रवत तयार केलेलं होतं, आकड्यांची लांबलचक माळ. असं नाव दिसलं की समोरचा सर्व्हर धरून चालतो की हे कोणाचं तरी घरगुती कनेक्शन आहे आणि मेल कचऱ्यात टाकतो किंवा दारातूनच परत पाठवतो. शिवाय तो सगळा पट्टा स्पॅमहाउसच्या पीबीएल या यादीत होता. ही यादी गुन्हेगारांची नव्हे. या आयपीवरून थेट मेल येणं अपेक्षित नाही, एवढंच ती म्हणते, आणि अनेकदा सेवा देणाऱ्या कंपन्याच आपले पट्टे तिच्यात घालतात. एखाद्या स्टॅटिक आयपीपुरतं नाव त्यातून काढून घेता येतं. ते मी काढलं. पीटीआर मात्र मिळालं नाही. विनंत्या नोंदवल्या जात होत्या आणि काही न होता निकाली निघत होत्या. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून जे नियम लागू केले, त्यात पाठवणाऱ्या आयपीचं नाव सुलट-उलट जुळणं ही अट लहान-मोठ्या सगळ्यांनाच आहे. त्यामुळे आज तर त्याशिवाय चालणंच नाही.

मग मी वाट बदलली. मेल घरीच राहील, पण जगाला दिसणारा पत्ता दुसरीकडचा असेल. मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये लहानात लहान व्हीपीएस, म्हणजे आभासी सर्व्हर, भाड्याने घेतला. सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२च्या आदेशानंतर अशा सेवा देणाऱ्यांना ग्राहकाची माहिती पाच वर्षं जपून ठेवावी लागते, तेव्हा ओळखपत्र वगैरे द्यावं लागलं. त्याला माझी हरकत नव्हती, मी जे करते ते माझ्या नावानेच करते. तिथे पोर्ट २५ मागितल्यावर उघडून मिळालं आणि पीटीआर मी स्वतः, पानावर एक ओळ लिहून केलं. जे महिनोन्‌महिने अडलं होतं ते जेवणाच्या सुट्टीत झालं.

आता घरचं यंत्र आणि तो व्हीपीएस यांच्यात एक बोगदा लागत होता. त्यासाठी वायरगार्ड. जेसन डोनेनफेल्ड यांचा हा प्रोग्रॅम २०२०च्या मार्चमध्ये लिनक्सच्या गाभ्यातच आला आणि माझ्यासारख्यांचं काम फार सोपं झालं. बोगदा घरातून बाहेरच्या दिशेने उघडतो, त्यामुळे नॅट आडवं येत नाही. वाट बुजू नये म्हणून दर २५ सेकंदांनी एक छोटं पॅकेट जात राहतं. स्टॅटिक आयपी मी सोडून दिला. व्हीपीएसच्या पोर्ट २५ वर जे येईल ते तो न उघडता बोगद्यातून घरी ढकलतो. घरून बाहेर जाणारा मेल त्याच बोगद्याने जाऊन त्याच्या पत्त्यावरून निघतो.

इथे दोन गोष्टी नीट कराव्या लागतात आणि जो कोणी हे करायला घेईल त्याला त्या उपयोगी पडतील म्हणून विस्ताराने लिहिते. पहिली, पाठवणाऱ्याचा मूळ आयपी बोगद्यातून जाताना टिकला पाहिजे. व्हीपीएसवर सोपा मार्ग घेतला, म्हणजे सगळ्यावर व्हीपीएसचाच शिक्का मारून पुढे पाठवलं, तर घरच्या पोस्टफिक्सला सगळं जग आपल्याच घरातून बोलतंय असं वाटतं. एसपीएफ तपासता येत नाही, काळ्या याद्या पाहता येत नाहीत, आणि त्या पत्त्यावर विश्वास ठेवलेला असेल तर आपला सर्व्हर कोणाचाही मेल कुठेही पोचवायला लागतो. तो तसा उघडा सापडला की काही तासांत कचरा-मेलवाले त्यावर तुटून पडतात. म्हणून मी पॅकेट मूळ पत्त्यासकट आणते आणि घरच्या यंत्राला वेगळा नियम देते, की बोगद्यातून आलेल्या बोलण्याचं उत्तर बोगद्यातूनच जाईल.

दुसरी गोष्ट एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार. सुरुवातीला छोटे मेल धडाधड यायचे आणि भावाचे वीस-वीस पानांचे स्कॅन केलेले पीडीएफ अडकायचे. पाठवणारा म्हणायचा गेला, आमच्याकडे अर्ध्यावर लटकलेला. अशी खूण दिसली की बहुतेक वेळा पॅकेटचा आकार जबाबदार असतो. वायरगार्ड १४२० बाइटचं पॅकेट धरून चालतो, कारण १५०० मधून त्याचं आणि आयपीव्ही६चं वेष्टण मिळून ८० जातात. पण माझं फायबर पीपीपीओईवर चालतं, तिथे ८ बाइट आधीच गेलेले, उरतात १४९२. वजा ८०, म्हणजे १४१२. तो आकडा घातला आणि पहिल्याच तपासणीत मोठी फाइल सरळ आत आली. बोगदा आयपीव्ही६ वर चालवते हे यातून लक्षात आलं असेल. भारतात आयपीव्ही६ चा प्रसार जगातल्या आघाडीच्या देशांइतका आहे, आणि घरच्या सर्व्हरला खरी आशा तिकडेच आहे. प्रत्येक घराला पुरून उरतील इतके पत्ते तिथे आहेत.

व्हीपीएस घेतला म्हणजे मेल पुन्हा दुसऱ्याच्या यंत्रावर गेला, असं एका जुन्या सहकाऱ्याने मला म्हटलं होतं. तसं होत नाही. टीएलएसची किल्ली घरच्या यंत्रावर आहे. पाठवणारा सर्व्हर सांकेतिक बोलायला लागतो तो थेट घरच्या पोस्टफिक्सशी. मधल्या यंत्रातून जातात ते न वाचता येणारे बाइट. तिथे डिस्कवर काही साठत नाही. त्या यंत्राचं भाडं उद्या थकवलं किंवा त्या कंपनीने मला काढलं, तर दुसरीकडे दुसरं घेऊन डीएनएसमधली नोंद बदलायची. एकही जुना मेल जाणार नाही.

नव्या आयपीची पत तयार व्हायला वेळ लागतो, तो लागला. मोठ्या मेलसेवांवरच्या नातेवाइकांना मी आधी फोन करून सांगत होते, की स्पॅममध्ये बघा आणि असेल तर बाहेर काढून उत्तर द्या. उत्तर देणं सगळ्यात महत्त्वाचं. मावशींनी तर प्रत्येक चाचणी मेलला सविस्तर ख्यालीखुशालीचं उत्तर लिहिलं. हळूहळू मेल सरळ पेटीत पडू लागले आणि तेव्हापासून तक्रार नाही. रोज कोणी हजारोंनी मेल पाठवणारं आमच्या घरात नाही, हेही त्याला कारण आहे.

“वीज गेली तर?” हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो. आमच्याकडे देखभालीसाठी आठवड्यातून ठरलेल्या दिवशी वीज जाते, पावसाळ्यात न ठरवताही जाते. घराचा इन्व्हर्टर यंत्राला पुरतो, राउटर आणि फायबरच्या डब्याला वेगळा मिनी यूपीएस आहे. रस्ता खोदताना फायबर तुटली तर मात्र काही चालत नाही. अशा वेळी मेलचं काय होतं? काही होत नाही. समोर कोणी नसेल तर मेल आपल्या रांगेत ठेवा, थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा आणि किमान चार-पाच दिवस सोडू नका, असं नियमच सांगतो. पोस्टफिक्स मुळातच पाच दिवस धरून चालतो. एका पावसाळ्यात आमच्या गल्लीतली फायबर तुटली आणि जोडणारी माणसं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. जोडल्यावर मी लॉग बघत बसले होते. जगभरच्या सर्व्हरांनी धरून ठेवलेले मेल एकामागून एक येऊ लागले, अशिलाचे, बँकेचे, न्यू जर्सीतल्या भाच्याचे. कित्येक वर्षांपूर्वीचा तो नियम आजही तितकाच खंबीर आहे. अडचण येते ती ओटीपीची, कारण तो दहा मिनिटांत मरतो. म्हणून अनोळखी सर्व्हरला ‘थोड्या वेळाने या’ सांगून परतवणारी ग्रेलिस्टिंगची युक्ती मी बंद ठेवली आहे. कचरा थोडा जास्त येतो, आरस्पॅमडी बघून घेतो.

आणखी एक गोष्ट मला फक्त या सर्व्हरमुळे करता आली. देवनागरीतला मेल पत्ता. .भारत हे डोमेन ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं, आणि पत्त्याचा डावा भागही आपल्या लिपीत चालावा यासाठीचे नियम २०१२ पासून आहेत. पोस्टफिक्सने २०१५ च्या ३.० आवृत्तीत ते उचलले. मी आईसाठी तसा पत्ता केला. तिचं नाव, मग @ ही खूण, मग डोमेन, नाव आणि डोमेन दोन्ही देवनागरीत. आईने तो स्वतः टाइप केला, न अडखळता, कारण स्पेलिंग विचारायचं नव्हतं. मोठ्या मेलसेवांवर तो मेल जातो आणि उत्तर येतं. बँकांचे आणि सरकारी पोर्टलांचे बरेच फॉर्म मात्र तो पत्ता चुकीचा म्हणून नाकारतात. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाला. आपल्या लिपीतला पत्ता महाराष्ट्रातल्या प्रत्येक सरकारी फॉर्मने स्वीकारला पाहिजे, ही मागणी लावून धरायला याहून चांगली वेळ कोणती?

आता मूळ मुद्द्यावर येते. बंदी हवी आणि तिची किल्ली जबाबदार ग्राहकाला मिळायला हवी, यात अवघड काही नाही, कारण ते दुसरीकडे केलेलं आहे. फ्रान्समधल्या फ्री या कंपनीच्या घरगुती ग्राहकाला आपल्या खात्याच्या पानावर जाऊन पोर्ट २५ची बंदी उठवता येते आणि आपल्या आयपीचं उलटं नावही स्वतः ठरवता येतं. ॲमेझॉनच्या क्लाउडवर पोर्ट २५ आधी बंद असतं, पण काय करणार हे लिहून दिलं की उघडतात. आपल्याकडच्या कंपनीला एवढंच करायचं आहे: आधी सगळ्यांना बंद, मागेल त्याच्याकडून नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी चालू मेल पत्ता घ्यायचा, उघडून द्यायचं, गैरवापर दिसला की पुन्हा बंद. दूरसंचार विभागाने २०१८ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वं मान्य केली, त्यात वाहतुकीच्या वाजवी व्यवस्थापनाला सूट आहे. सरसकट बंदी त्या सुटीत बसते असं मी मानते. दाद मागायची सोय नसलेली कायमची बंदी वाजवी आहे असं मला वाटत नाही.

मी व्हीपीएसचं जे भाडं भरते ते खरं तर घरच्या कनेक्शनमध्ये जे मिळायला हवं होतं त्याचंच आहे. मला ते परवडतं आणि मला हे काम येतं. पण गावातली शाळा, सार्वजनिक वाचनालय, सहकारी पतपेढी, लहानसं नियतकालिक यांना आपलं टपाल आपल्या कपाटात ठेवायचं असेल तर त्यांच्यापुढे आज मोठ्या मेलसेवेचं खातं एवढाच सरळ रस्ता आहे. त्या खात्यांवर सगळं टपाल एकवटत चाललं आहे, आणि जितकं ते एकवटेल तितके नियम ठरवणारे हात कमी होत जातील.

‘मागणारं कोणी नसतं, म्हणून फॉर्मच नाही’ असं तो अभियंता मला म्हणाला होता आणि ते खोटं नव्हतं. तेव्हा मागा. नवं कनेक्शन घेताना किंवा जुन्याचं नूतनीकरण करताना स्पीडबरोबर आणखी चार प्रश्न विचारा: मला सार्वजनिक आयपी मिळेल का, आयपीव्ही६ चालू आहे का, पोर्ट २५ मागितल्यास उघडाल का, आणि माझ्या आयपीचं पीटीआर माझ्या नावाने कराल का. तोंडी नको, मेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तुम्हाला सर्व्हर चालवायचा नसला तरी विचारा. ज्याला चालवायचा आहे त्याच्यासाठी.